हापूसची घन लागवड: झाडं चौपट, मग नफा चौपट का होत नाही?

पाऊस सुरू झाला की मालवण-देवगडच्या सड्यांवर कलमं लावायची लगबग सुरू होते. हल्ली त्यात एक प्रश्न हमखास येतो: अंतर दहा बाय दहा ठेवायचं की पाच बाय पाच?

हिशेब सोपा आहे. दहा मीटरवर लावली तर हेक्टरी १०० झाडं बसतात, पाच मीटरवर ४००. जमीन तीच, झाडं चौपट. सुरुवातीच्या वर्षांत झाडं लहान असल्यामुळे घन बागेत एकरी आंबा खरोखरच जास्त मिळतो. गणित बिघडतं ते पुढे.

युरोपात चेरीच्या बागा अशाच दाट लावतात. पण तिथे कलम 'गिसेला'सारख्या बुटक्या खुंटावर बांधलेलं असतं, त्यामुळे झाड मुळातच आटोपशीर राहतं. आपला हापूस बांधला जातो रायवळच्या कोयीवर, आणि ते झाड वाढायला जोरकस. हापूसला तसा सर्रास वापरता येईल असा बुटका खुंट आपल्याकडे रुळलेला नाही. 'आम्रपाली' दाट लागवडीत चालते, कारण ती जातच ठेंगणी. हापूसचं नाव पाहून पैसे मोजणारं गिऱ्हाईक मात्र आम्रपाली घेणार नाही.

म्हणजे हापूस आवरायचा तर दोनच गोष्टी हातात उरतात, छाटणी आणि कल्टार.

आठ-दहा वर्षांत फांद्या एकमेकांत शिरतात. हापूसला मोहोर येतो तो पक्व फांदीच्या टोकाला, आणि तिथे ऊन लागतं. गर्दी झाली की आतल्या फांद्या रिकाम्या राहतात, फळ शेंड्याला जातं आणि झेला पोचत नाही. सावलीत तुडतुडे आणि भुरीचं फावतं, फवारणीचा खर्च वाढतो. यावर उपाय म्हणजे आंबा उतरवल्याबरोबर दरवर्षी थोडी छाटणी. ती टाळत गेलात तर एक दिवस मोठी छाटणी करावी लागते आणि मग दोनेक वर्षं उत्पन्न बुडतं. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावली नाही, तर खोडकिडा असतोच.

हे सगळ्यांना माहीत आहे. तरी छाटणी होत नाही. का?

माझ्या मते याचं उत्तर शेतीत कमी आणि करारात जास्त आहे. मालक मुंबईला, बाग वर्षा-दोन वर्षांच्या कराराने दिलेली. यंदा छाटायचं तर खर्च आजच्या करारदाराचा, आणि आंबा खाणार पुढचा करारदार. तो कशाला करवत उचलेल? त्याला परवडतं ते कल्टार. हे औषध झाडातल्या जिबरेलिनची निर्मिती रोखतं. वाढ थांबते, मोहोर लवकर येतो. विद्यापीठाची मात्रा ठरलेली आहे: झाडाच्या विस्ताराच्या दर मीटरला ३ मिली, तीही १५ जुलै ते १५ ऑगस्टदरम्यान, सशक्त झाडाला आणि सोबत पुरेसं खत. एका हंगामाचा धनी ही शिस्त पाळेलच असं नाही, आणि झाड खंगतं ते मालकाचं.

सरकारी मदतीचं गणितही असंच उफराटं आहे. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अनुदान मिळतं पहिली तीन वर्षं, ५०, ३० आणि २० टक्के. खड्डा, कलम, जगलेली झाडं, सगळं मोजलं जातं. गर्दीचा प्रश्न सुरू होतो तेव्हा योजना कधीच संपलेली असते. यातला काही वाटा सहाव्या वर्षानंतरच्या छाटणीला द्यायला हवा, आणि यंत्र करवत चालवणाऱ्या प्रशिक्षित टोळ्या तालुक्यात उभ्या राहायला हव्यात.

मालकांनीही करार किमान पाच वर्षांचा करावा आणि छाटणी व कल्टारची मात्रा त्यात लिहून घ्यावी. 'पुढे गर्दी झाली की मधली झाडं काढू' या भरवशावर राहू नका. धरता हापूस तोडायला कोणाचाच हात उठत नाही. आठव्या वर्षी बागेत करवत घेऊन कोण उभा राहणार, हे आज सांगता येत नसेल, तर कलमं दहा मीटरवरच लावा आणि मधल्या जागेत काही वर्षं आंतरपीक घ्या.