पाहुण्याच्या हातात झाडू

परदेशात कोणी नवीन राहायला गेलं की घरच्यांचे फोनवरचे प्रश्न ठरलेले असतात. तूरडाळ मिळते का? आपली माणसं आहेत का आसपास? गणपती बसतो का? तिन्हींची उत्तरं 'हो' आली की आईबाबांचा जीव भांड्यात पडतो आणि शेजारी सांगितलं जातं, "रुळला हो आमचा तिकडे!"

मला हे पटत नाही. तूरडाळ मिळाली म्हणजे आपण आपलं घर उचलून तिकडे नेलं, एवढंच. ज्या शहरात नेलं त्याच्याशी अजून धड ओळखही झालेली नसते. दहा-दहा वर्षं परदेशात काढून मनाने डेक्कनवरच राहणारे लोक मी पाहिलेत. त्यात वाईट काही नाही, पण त्याला रुळणं म्हणू नये.

मग रुळणं कशाला म्हणायचं? माझं मत सांगतो. ते शहर तुमच्यावर एखादं काम टाकतं आणि तुम्ही ते केलं नाही तर कोणाचं तरी अडतं, तेव्हापासून तुम्ही तिथले होऊ लागता.

हे मी स्टुटगार्टमधल्या अनुभवावरून बोलतोय. जर्मनीच्या दक्षिणेला टेकड्यांच्या मधल्या खोलगटात वसलेलं हे शहर. टेकड्यांवर द्राक्षमळे, जिकडेतिकडे चढ आणि पायऱ्या. मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश यांचं गाव, त्यामुळे पुण्याच्या इंजिनियर मंडळींची इथे ये-जा असतेच. मुंबईशी तर १९६८ पासून या शहराचं भगिनी-शहराचं नातं आहे.

इथे आल्यावर पहिले आठवडे कागदांत जातात. नव्या घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेत जाऊन पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद लागतो, आणि पुढची बरीच कामं या नोंदणीवाचून अडतात. मग नियम. रविवारी दुकानं बंद. रविवारच्या विश्रांतीला तर इथे घटनेचंच संरक्षण आहे. १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम १९४९ च्या घटनेने तसंच्या तसं घेतलं. रिकाम्या काचेच्या बाटल्या रविवारी डब्यात टाकायच्या नाहीत, खळखळाट होतो. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत, बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की परत. भाजीची सालं एका डब्यात, कागद दुसऱ्यात, वेष्टनं तिसऱ्यात.

हे सगळं महिन्या-दोन महिन्यांत अंगवळणी पडतं आणि वाटतं, जमलं की! पण नीट पाहिलं तर हे सगळे पाहुण्याला सांगायचे नियम आहेत. चपला बाहेर काढा, मोठ्याने बोलू नका, ताट इथे ठेवा. ते पाळल्याने आपण चांगले पाहुणे होतो. घरचे होत नाही.

आता 'केरवोखे' या प्रकाराकडे येतो. जर्मनमध्ये 'केरेन' म्हणजे झाडणं आणि 'वोखे' म्हणजे आठवडा. आपल्या 'केर' शब्दाशी त्याचं जुळणं हा योगायोगच असावा, पण मराठी माणसाला अर्थ सांगावा लागत नाही. केराचा आठवडा! स्टुटगार्ट ज्या श्वाबेन प्रांतात आहे तिथली ही खास पद्धत. इमारतीतल्या प्रत्येक घराला आळीपाळीने एक आठवडा मिळतो. छोटा केर म्हणजे आपल्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना. मोठा केर म्हणजे फूटपाथ, अंगण, तळघराचा जिना, कचऱ्याच्या डब्यांची जागा आणि थंडीत पडेल तो बर्फ. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लागते. आठवडा संपला की ती पाटी शेजारच्या दारावर अडकवायची.

या पद्धतीची मुळं पंधराव्या शतकाच्या अखेरच्या नियमांपर्यंत नेली जातात. मानफ्रेड रोमेल महापौर असताना, १९८८ मध्ये, महापालिकेने दर आठवड्याला झाडण्याची सक्ती काढून टाकली. तरीही कित्येक इमारतींच्या भाडेकरारात आणि नियमावलीत ती आजही ठाण मांडून आहे.

माझ्या दारावर पाटी लागेपर्यंत खालच्या मजल्यावरच्या आजींशी माझा संबंध 'ग्र्यूस गॉट' या नमस्कारापुरता होता. पाटी लागल्यावर त्याच आजी वर आल्या. झाडू कुठे असतो, बादली कुठे, जिन्याच्या कुठल्या कोपऱ्यात धूळ साठते, सगळं दाखवलं. पुण्यात शिकलेलं माझं प्रमाण जर्मन त्यांच्या श्वाबियन बोलीपुढे लंगडं पडत होतं. (या राज्याने १९९९ पासून अनेक वर्षं स्वतःची जाहिरातच अशी केली होती की आम्हाला सगळं येतं, फक्त प्रमाण जर्मन येत नाही!) पण झाडूबद्दल बोलायला फार भाषा लागत नाही. पुढे मी गणपतीला घरी जाणार होतो तेव्हा आम्ही आठवडे बदलून घेतले. माझा त्यांनी केला, त्यांचा मी. माझ्या मते शेजार त्या दिवशी सुरू झाला. आधी होता तो फक्त शिष्टाचार.

आता यातली आपल्याला बोचणारी गोष्ट. सार्वजनिक जिना झाडणं हे आपल्याकडे पांढरपेशा माणसाचं काम कधी नव्हतंच. ते कोणी करायचं हे जातीने ठरवून टाकलं होतं, आणि आज सोसायटी पगार देते तरी झाडणाऱ्या हातांची जात फारशी बदललेली नाही. जिना रोज लख्ख दिसतो, पण तो झाडणाऱ्या बाईचं नाव विचारा, कितीजण सांगतील? चहा दिलाच तर कप वेगळा. गाडगेबाबांनी आयुष्यभर हातात खराटा धरला. आपण त्यांचे फोटो लावले, त्यांच्या नावाने अभियानं काढली आणि खराटा होता त्याच हातांत राहू दिला. म्हणून इथे येणाऱ्या आपल्या मंडळींना पाटी दिसली की पहिला विचार येतो, "पैसे देऊन कोणाकडून करून घेता येईल का?" येतं करून घेता. पुष्कळ जर्मन लोकही घेतात, आणि ज्याची पाठ धरलीय किंवा ज्याची रात्रपाळी आहे त्याने जरूर घ्यावं. पण ज्या इमारतीत डॉक्टरही झाडतो आणि बसचालकही झाडतो, तिथे झाडू हातात घेण्याने काय मिळतं, हे आपल्याइतकं दुसऱ्या कोणाला कळायला हवं?

याचं फार कौतुक करायचं नाही, हेही सांगून ठेवतो. केरवोखेच्या नावाखाली शेजाऱ्यांवर पाळत ठेवणारे लोक असतात. कोपऱ्यात धूळ राहिली म्हणून चिठ्ठी चिकटवणारे असतात. इथल्याच तरुणांना हा प्रकार जुनाट आणि खडूस वाटतो. शिवाय झाडूने सगळे प्रश्न सुटत नाहीत. घर शोधताना आडनाव वाचूनच उत्तर न येण्याचा अनुभव मलाही आलाय, आणि जिना कितीही चकचकीत केला तरी तो अनुभव पुसला जात नाही.

पण या शहराच्या जुन्या इतिहासाने मला माझ्या मताबद्दल आणखी ठाम केलंय. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले. स्टुटगार्टच्या कारखान्यांतही ते आले. त्यांना नाव दिलं गेलं 'गास्टआर्बायटर', म्हणजे पाहुणे कामगार. शब्दातच परत जाणं गृहीत होतं. १९७३ मध्ये भरती थांबली, पण पुष्कळ जण राहिले, संसार केले. आज या शहरातल्या ४० टक्क्यांहून जास्त लोकांचं मूळ असं स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या स्थलांतराशी जाऊन पोचतं. तरी 'पाहुणे' हा शिक्का निघायला पिढ्या गेल्या. पाहुणा म्हटलं की भाषा शिकवायला नको, मत विचारायला नको. आणि पाहुण्यालाही ते सोयीचंच असतं. आपल्याला काय करायचंय, आपण कुठे कायमचे आहोत!

आपण स्वतःला 'एक्स्पॅट' म्हणवतो तेव्हा त्यात हाच सोयीस्करपणा असतो. शब्द जरा भारी, पगार जरा बरा, पण अर्थ पाहुणाच. कागदावर रुळण्याचे हिशेब सोपे आहेत. ब्लू कार्डवाल्याला बी-१ पातळीची जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकतो. २०२४ च्या कायद्याने नागरिकत्वासाठीची वास्तव्याची अट ८ वर्षांवरून ५ वर आली. पण एकवीस महिन्यांत जिन्यात कोणी आपल्याशी आठवडा बदलून घेतला का, हे कुठल्याच अर्जात विचारत नाहीत.

प्रत्येक शहरात केरवोखे नसतं. पण काहीतरी असतंच. शाळेत पालकांच्या पाळ्या असतात, फुटबॉल क्लबात मुलांना मॅचला नेणाऱ्या गाड्या लागतात, लहान गावांत आग विझवणारं दलसुद्धा स्वयंसेवकांचं असतं. त्यातलं एक काम अंगावर घ्यावं. कंटाळवाणं असलं तर उत्तमच.

आणि हा नियम उलट दिशेनेही लावून पाहावा. पुण्या-मुंबईत बाहेरून आलेल्यांबद्दल "हे लोक इथे मिसळत नाहीत" ही तक्रार आपण नेहमी ऐकतो, करतोही. पण आपल्या सोसायट्यांत भाडेकरू म्हणजे फार तर नाममात्र सभासद. सभेत त्याला मत नाही. गणपतीची वर्गणी तेवढी न चुकता मागितली जाते, पण मांडवाचं काम सांगायला कोणी त्याच्या दारात जात नाही. पाच-पाच वर्षं आपण त्याला पाहुणा ठेवतो आणि वर म्हणतो, हा घरच्यासारखा वागत नाही. कसा वागेल? आपण त्याच्या दारावर पाटीच लावली नाही.