‘बायकॉट’ आणि बहिष्कार

‘बायकॉट करणे’ हे इंग्रजी क्रियापद बाळापूरच्या पेठेतही सर्रास ऐकू येते; परंतु ते मूळचे एका मनुष्याचे आडनाव, हे बोलणाऱ्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. आयर्लंडातील मेयो परगण्यात लॉर्ड अर्न यांचा कारभारी कॅप्टन बायकॉट याने खंड कमी करण्याची कुळांची मागणी मानली नाही, म्हणून 1880 साली लोकांनी त्याच्याशी व्यवहारच तोडला. मजूर पीक काढीनात, दुकानदार माल देईनात. आणि वर्ष संपण्यापूर्वीच त्याचे नाव क्रियापद होऊन वर्तमानपत्रांत रूढ झाले.

1905 साली वंगभंगाच्या चळवळीत त्यासच आपण ‘बहिष्कार’ म्हटले, आणि घोटाळा झाला तो येथेच. इंग्रजी शब्द दुबळ्यांनी सबळावर उगारलेल्या शस्त्राचा. आपला शब्द मात्र माणसास वाळीत टाकणाऱ्या पंचांचा. डॉ. आंबेडकरांनी 1927 साली आपल्या पत्रास ‘बहिष्कृत भारत’ हे नाव दिले, ते उगाच नव्हे. विलायती कापड न घेणे हा गिऱ्हाइकाचा हक्क. जातपंचायतीच्या हुकुमावरून एखाद्या कुटुंबास वाणसामान नाकारणे हा महाराष्ट्रात 2016 च्या कायद्याने गुन्हा. पंचांचा निरोप दुकानी येईल तेव्हा आमच्या व्यापारी बंधूंनी या दोहोंची गल्लत करू नये; कोर्ट ती करणार नाही.