‘मिझ’ आपोआप आलं नाही

भाषा काळानुसार आपोआप बदलते, असं म्हणतात. इंग्रजीतली ‘मिस’ आणि ‘मिसेस’ ही दोन्ही ‘मिस्ट्रेस’ या एकाच शब्दाची रूपं. त्या शब्दावरून बाईचं लग्न झालंय की नाही, हे कळत नसे. पुढे तो भेद आला. पुरुष मात्र ‘मिस्टर’च राहिला. १९०१ साली अमेरिकेतल्या एका वृत्तपत्राने दोघींसाठी ‘मिझ’ सुचवलं. ते रुजलं सत्तर वर्षांनी, स्त्रीमुक्ती चळवळीने आग्रह धरला तेव्हा. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तर १९८६ मध्ये स्वीकारलं. शब्द होता, गरजही होती. कमी होता तो रेटा.

नवऱ्याने टाकलेली बाई अर्ज भरताना मला विचारते, “ताई, सौ. लिहू?” मी म्हणते, नुसतं तुझं नाव लिही. मैत्रिणींनो, आपला रेटा इथूनच सुरू होतो.