उभे राहण्याचा परवाना

इंग्लंडमधल्या फुटबॉल मैदानांत पाहुण्या संघाचे पाठीराखे 1994 पासून खुर्च्यांसमोर उभे राहून सामने पाहात आले आहेत. पोलिसांना ते दिसते, क्लबच्या स्टुअर्डना दिसते, शनिवारी रात्री आपल्याकडे टीव्हीसमोर बसणाऱ्यालाही दिसते. दिसत नव्हते ते फक्त सरकारला. अखेर 4 जुलै 2022 रोजी सरकारचे डोळे उघडले. 2022-23 च्या हंगामापासून प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिप या वरच्या दोन श्रेणींतले क्लब, अटी पाळल्यास, प्रेक्षकांना उभे राहू देऊ शकतील, असे ठरले. घोषणा केली सांस्कृतिक मंत्री नदीन डोरिस यांनी. त्यानंतर तीनच दिवसांत त्यांचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांच्यावर खुर्ची सोडण्याची वेळ आली, हा योगायोगच.

निर्णय योग्य आहे, पण त्याला लागलेला उशीर अक्षम्य आहे. उभे राहण्याचा हक्क मिळाला तोही उपकार केल्यासारखा. बसायचे की उभे राहायचे हे तिकिटाचे पैसे मोजणाऱ्याने ठरवायचे असते. एवढी साधी गोष्ट समजायला एका प्रगत लोकशाहीला तीन दशके लागली, कारण तिने फुटबॉल पाहणाऱ्याला नागरिक मानलेच नव्हते.

उभे राहण्याचा विषय निघाला की प्रत्येक वेळी हिल्सबरोचे नाव पुढे केले जाते. 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या त्या मैदानात झालेल्या चेंगराचेंगरीने 97 जणांचे प्राण घेतले. पण ते उभे होते म्हणून मेले का? लेपिंग्ज लेनच्या बाजूला लोखंडी जाळ्यांचे कोंडवाडे होते. पोलिसांनी बाहेरची गर्दी हलवण्यासाठी फाटक उघडले आणि आधीच भरलेल्या मधल्या कोंडवाड्यांकडे जाणारा बोगदा मात्र बंद केला नाही. पुढे जाळी, मागून लोंढा. या दुर्घटनेची चौकशी करणारे न्यायमूर्ती टेलर यांनी मुख्य दोष पोलिसांच्या नियंत्रणाला दिला आणि उभे राहून पाहणे मुळातच धोकादायक नाही, असेही लिहिले. तरी शिफारस केली ती सगळीकडे खुर्च्या बसवण्याची. त्यांच्याच अहवालात ग्लासगोच्या आयब्रॉक्सचा दाखला होता : बसून पाहायला 6 पौंड, उभ्याने 4. म्हणजे खुर्च्या आल्या तरी गरिबाला परवडतील. पुढे प्रीमियर लीगने तिकिटांचे काय केले हे तिथल्या कुठल्याही कामगाराला विचारावे. जाळ्या गेल्या हे उत्तमच झाले. पण पोलिसांच्या चुकीची शिक्षा प्रेक्षकाला झाली आणि ऑगस्ट 1994 पासून वरच्या दोन श्रेणींत फक्त खुर्च्या उरल्या. मृतांचा काहीच दोष नव्हता, हे ज्युरीने स्पष्टपणे म्हणायला 2016 साल उजाडले.

खुर्ची दिली की माणूस गुणी बाळ होतो, ही समजूत तर हास्यास्पदच. मार्च 1985 मध्ये ल्यूटनच्या मैदानात मिलवॉलच्या टोळक्यांनी दंगल केली तेव्हा पोलिसांवर फेकायला त्यांनी खुर्च्याच उपटल्या होत्या. त्यावर ल्यूटनने शोधलेला उपाय म्हणजे पुढच्या वर्षापासून पाहुण्या पाठीराख्यांना मैदानात पाऊलच ठेवू द्यायचे नाही! थॅचरबाईंना हा प्रकार इतका भावला की प्रत्येक प्रेक्षकाच्या गळ्यात ओळखपत्र अडकवण्याचा कायदा त्यांनी आणला. तो बारगळला टेलर यांच्याच अहवालामुळे.

खुर्च्यांनी साधले काय, हे पाहुण्यांच्या कोपऱ्यात जाऊन पाहावे. फार तर 3 हजार तिकिटे, त्यासाठी पहाटे सुटलेल्या बसगाड्या, आणि गाठ यजमानांच्या भरल्या मैदानाशी. तिथे कुणी बसत नाही. पहिली रांग उभी राहिली की दुसरीला उभे राहावेच लागते, आणि हे थेट शेवटच्या रांगेपर्यंत जाते. प्लास्टिकच्या खुर्चीची पाठ येते ती पुढे उभ्या असलेल्याच्या पोटऱ्यांपर्यंत. शेवटच्या मिनिटाला गोल झाला, मागून रेटा आला की तीच खुर्ची पायात अडकते आणि माणूस पुढच्या रांगेवर पालथा पडतो. नडग्या सोलवटून घरी जाणे हा पाहुण्या पाठीराख्याच्या प्रवासाचा भागच झाला. सुरक्षेसाठी बसवलेली खुर्ची अशी अपघाताचे साधन बनली आणि तरी नियम बदलला नाही. यात बळी जातो तो बसू इच्छिणाऱ्याचा. सत्तरीचे आजोबा, आठ वर्षांची नात, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेला गडी यांच्या वाट्याला पुढच्यांच्या पाठी येतात. नियमाने सगळे बसलेले, प्रत्यक्षात सगळे उभे, आणि निवड कुणालाच नाही.

उपाय काही चंद्रावरून आणायचा नव्हता. प्रत्येक रांगेमागे कमरेइतक्या उंचीचा लोखंडी कठडा आणि त्याला जोडलेली, उघडझाप होणारी खुर्ची. उभे राहा, रेटा आला तर कठडा अडवतो. जर्मनीत हे कधीचे चालते. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये जवळपास 25 हजार लोक उभे असतात. तोवर युरोपीय स्पर्धेचा सामना आला की तिथे खुर्च्या बसवत आणि मैदानाची क्षमता 81 हजारांवरून सुमारे 66 हजारांवर येई. दूर कशाला, त्याच बेटावर स्कॉटलंडमध्ये सेल्टिकने 2016 मध्येच कठडे बसवले. सीमेच्या दक्षिणेला मात्र 2018 मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियनचा असाच प्रस्ताव क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांनी फेटाळला. मागणी करणारे म्हणजे गलका करणारे मूठभर, असा त्यांचा समज. मूठभरांच्या अर्जावर लाखाहून जास्त सह्या पडल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांच्याच पक्षाने हे आश्वासन जाहीरनाम्यात घातले. 2022 च्या जानेवारीत चेल्सी, दोन्ही मँचेस्टर, टॉटनहॅम आणि कार्डिफ यांच्याकडे प्रयोग झाला. आभाळ कोसळले नाही.

हिल्सबरोत माणसे गमावलेल्या काही कुटुंबांना हा बदल मान्य नाही. त्यांच्या दुःखापुढे वाद घालू नये. पण त्यांच्या दुःखाआड लपणाऱ्या राज्यकर्त्यांशी जरूर घालावा.

कारण दोष गर्दीवर ढकलण्याचा राज्यकर्त्यांचा स्वभाव बदललेला नाही. 28 मे 2022 रोजी पॅरिसमध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्याआधी लिव्हरपूलच्या लोकांना तासन्‌तास कोंडून त्यांच्यावर अश्रुधूर सोडला गेला, आणि फ्रान्सचे तेव्हाचे गृहमंत्री दारमानँ यांनी बेधडक ठोकून दिले की 30 ते 40 हजार जण बनावट तिकिटे घेऊन किंवा विनातिकीट आले होते. नंतर त्यांच्याच सिनेटच्या अहवालाने सांगितले की दोष लिव्हरपूलच्या पाठीराख्यांवर ढकलणे अन्यायाचे होते. भलत्यावर खापर फोडण्यात आपणही मागे नाही. 2017 मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन स्थानकाच्या अरुंद पुलावर 23 जण चिरडले गेले आणि रेल्वेच्या चौकशीत दोषी ठरला पाऊस. 2005 मध्ये मांढरदेवीला जवळपास 300 भाविक गेले, तेव्हाही आधी चर्चा झाली ती भाविकांच्या बेशिस्तीची. जिना किती रुंद, फाटक कुणी उघडले, हे प्रश्न नंतर, विचारलेच तर. आणि उभे राहून सामना पाहणे आपल्यालाही नवे नाही : कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी मंडळ यांची फुटबॉलची लढत रंगते तेव्हा गोल झाल्यावर खाली बसा म्हणून सांगून पाहावे!

आता परवान्याच्या अटी. कठडे यजमान आणि पाहुणे अशा दोन्ही बाजूंना हवेत, एका माणसाला एक जागा हवी, खुर्ची कुलूप लावून उभी वा आडवी ठेवता येणार नाही. चांगले आहे. पण उभ्या रांगेत खुर्ची उघडून बसणाऱ्याला सामना कसा दिसणार? तेव्हा पाहुण्यांच्या भागाचेच दोन हिस्से पाडावे लागतील, खालचा बसणाऱ्यांचा आणि वरचा उभ्यांचा, आणि तिकीट विकतानाच विचारावे लागेल. निष्ठेचे गुण मोजून तिकीट वाटणाऱ्या क्लबांना हा एक प्रश्न जड जाऊ नये. शिवाय ही परवानगी आहे, सक्ती नाही. प्रयोगातल्या पाच क्लबांखेरीज घोषणेच्या वेळी ब्रेंटफर्ड, क्वीन्स पार्क रेंजर्स आणि वुल्व्ह्ज एवढेच पुढे आले होते. एका बचावपटूवर कोट्यवधी पौंड उधळणारे बाकीचे मालक लोखंडी नळ्यांचा खर्च करतील की नाही, हे त्यांच्या मर्जीवर सोडले आहे. 5 ऑगस्ट 2022 ला प्रीमियर लीगचा तो हंगाम सुरू झाला. जिथे कठडे नाहीत तिथे स्टुअर्ड पाहुण्यांना पुन्हा खाली बसायला सांगेल आणि पाहुणे पुन्हा बसणार नाहीत.