हिमप्रदेशाची सहल : आधी प्रकृती, मग तिकीट

दिवाळी सरली की वर्तमानपत्रांतल्या पर्यटनाच्या जाहिराती बदलतात. केरळ आणि राजस्थानच्या शेजारी आता फिनलंड, नॉर्वेची नावे दिसतात आणि चित्रात हिरव्या प्रकाशाने उजळलेले आकाश असते. सूर्य आपल्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्रातील कमाल सक्रियतेच्या टप्प्यात पोहोचल्याचे ‘नासा’ आणि ‘नोआ’ या अमेरिकी संस्थांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. त्याच वर्षीच्या मे महिन्यातील मोठ्या सौरवादळात लडाखमधील हानले येथूनही आकाश तांबूस दिसले होते. ध्रुवीय प्रकाश एकदा तरी डोळ्यांनी पाहावा, ही इच्छा मराठी घरांतही रुजली आहे. ती पुरी करायला निघणाऱ्यांत नोकरीतून मोकळी झालेली, मुलांच्या जबाबदारीतून सुटलेली जोडपी असतात. त्यांच्या सामानात रक्तदाबाच्या गोळ्या असतात, कुणाच्या इन्सुलिनचे पेन, तर कुणाच्या हृदयात स्टेंट.

या सहलींच्या तयारीचा एक ठरलेला क्रम असतो. कंपनीच्या पत्रकातली तारीख, मग आगाऊ रक्कम, मग व्हिसा, मग गरम कपड्यांची खरेदी. निघायला आठवडा उरला की डॉक्टरांकडून ‘फिटनेस सर्टिफिकेट’. वैद्यकीयदृष्ट्या हा क्रम पूर्ण उलटा आहे.

फ्रीझरपेक्षाही थंड

निफाडला पारा पाच अंशांवर आला की महाराष्ट्रात त्याची बातमी होते. घरातल्या फ्रीझरचे तापमान साधारण उणे १८ असते. फिनलंडच्या उत्तरेकडील रोव्हानिएमी या गावी जानेवारीत पारा त्याच्याही खाली अनेकदा जातो. ५ जानेवारी २०२४ रोजी त्याच भागातल्या एनॉन्टेकिओ येथे उणे ४४.३ अंश नोंदले गेले. अशी थंडी रोजची नसते. पण डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्याने ती गृहीत धरायला हवी.

थंडी लागताच त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि शरीर उष्णता आतल्या अवयवांसाठी राखून ठेवते. त्यामुळे रक्तदाब चढतो आणि हृदयाचे काम वाढते. लघवी जास्त होते, तहान मात्र लागत नाही, त्यामुळे शरीरातले पाणी कमी होते आणि रक्त घट्ट होते. अशा वेळी जाड पोशाख चढवून, गुडघाभर बर्फातून चढण चढून प्रकाश पाहण्याच्या जागेपर्यंत जायचे. अरुंद झालेल्या हृदयधमन्या घरी कधी कुरकुर करत नसतील, तरी त्या चढणीवर तक्रार करू शकतात. कोरड्या, गार हवेने दम्याच्या रुग्णाच्या श्वासनलिका आवळतात.

म्हणूनच उबदार खोलीत, खुर्चीवर बसलेल्या माणसाचा रक्तदाब १३०/८० आला म्हणून दिलेले प्रमाणपत्र फारसे काही सांगत नाही. खरा प्रश्न श्रम सोसण्याचा आहे. नेहमीच्या चालीने, न थांबता दोन मजले चढताना छाती भरून येते का, धाप लागते का? उत्तर ‘हो’ असेल तर आधी तपासणी, गरज पडल्यास ट्रेडमिल चाचणी, आणि मग सहलीचा विचार. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्या, छातीत वारंवार दुखणाऱ्या किंवा फुप्फुसांचा गंभीर आजार असलेल्या व्यक्तीने हा हिवाळा सोडून दिलेलाच बरा. असा सल्ला पैसे भरण्यापूर्वी मिळाला तर माणूस ऐकतो. पैसे भरल्यावर त्याला फक्त सही हवी असते.

पडणे, गोठणे, गोंधळणे

हृदयाचा झटका सर्वांना आठवतो, पण या देशांत पर्यटकाला नेहमी भेटणारा शत्रू अधिक साधा आहे : निसरडा रस्ता. ताजा बर्फ भुसभुशीत असतो. वितळून पुन्हा गोठलेला बर्फ काचेसारखा होतो आणि वर हिम पडले की दिसतही नाही. पाळी थांबलेल्या स्त्रियांची हाडे आधीच ठिसूळ होऊ लागलेली असतात. मनगट मोडले तर सहल बुडते, खुब्याचे हाड मोडले तर पुढचे वर्षच बदलते. उपाय स्वस्त आहे. बुटांवर रबराच्या पट्ट्याने चढवायचे खिळे तिथल्या दुकानांत सहज मिळतात. पावले छोटी टाकावीत, हात खिशात घालू नयेत. निघण्याआधी सहा-आठ आठवडे रोज चालावे, जिना चढावा आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव करावा.

दुसरा धोका वाऱ्याचा. उणे २० अंशांत ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे ३३ सारखी भासते आणि अर्ध्या तासाच्या आत त्वचा गोठू शकते. बर्फावरच्या स्कूटरवर बसले की हा वारा आपणच निर्माण करतो. नाक, कान आणि फोटोसाठी मोज्यातून काढलेली बोटे आधी जातात. मधुमेहाने पायांची जाणीव कमी झालेल्या माणसाला बोट गोठतेय हे कळतही नाही. दोन-तीन मोजे कोंबून बूट घट्ट केला तर रक्तपुरवठा आणखी घटतो. एक मापाने मोठा बूट बरा. गोठलेला भाग चोळू नये, त्यावर बर्फ घासू नये, शेकोटीजवळ धरू नये. पुन्हा गोठण्याची भीती नसेल अशा जागी, अंगाच्या उष्णतेइतक्या कोमट पाण्यात तो ठेवावा आणि डॉक्टर गाठावा. थंडीवर उतारा म्हणून मद्य घेण्याचा सल्ला तर चुकीचाच. त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैल होऊन उष्णता निघून जाते. ऊब वाटते, शरीर मात्र गार होत असते.

तिसरी बाब औषधांची. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर वरून ठीक दिसले तरी वापरायचे नसते. म्हणून ते विमानात हातातल्या पिशवीत आणि बाहेर फिरताना कोटाच्या आतल्या खिशात ठेवावे. खिडकीच्या काठावर किंवा रात्रभर गाडीत ठेवू नये. साखर मोजण्याचे यंत्रही कडाक्याच्या थंडीत चुकते किंवा बंद पडते. साखर उतरल्याची थरथर आणि थंडीची हुडहुडी यांत फरक ओळखणे अवघड असते. शंका आली की उबदार जागी जाऊन साखर तपासावी. घड्याळ फिनलंडमध्ये साडेतीन आणि नॉर्वेत साडेचार तास मागे असते. डोसांच्या वेळा निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. औषधांची नावे कंपनीच्या नावाने नव्हे, मूळ रासायनिक नावाने चिठ्ठीवर असावीत.

विमा आणि अंतर

शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. हा कागद व्हिसा मिळवून देतो. प्रत्येक आजाराचा खर्च देईलच असे नाही. आधीपासूनचे आजार अनेक पॉलिसींत वगळलेले किंवा मर्यादित असतात, साहसी खेळांचेही तेच. व्हिसा अडेल या भीतीने रक्तदाब किंवा मधुमेह अर्जात लपवला जातो आणि नेमका त्याच कारणाने दावा फेटाळला जाण्याचा धोका राहतो. आजार लिहावा, जास्त हप्ता भरावा आणि त्याचे संरक्षण लेखी मागावे.

अंतराचाही विचार हवा. रोव्हानिएमीत लॅपलंडचे मध्यवर्ती रुग्णालय आहे. पण काचेच्या इग्लूंसाठी प्रसिद्ध असलेले सारिसेल्का तिथून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर आहे. रुग्णवाहिकेसाठी फिनलंडमध्ये ११२ आणि नॉर्वेत ११३ हा क्रमांक लावायचा, हे गटातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे. मार्गाचे पत्रक छापणाऱ्या कंपन्यांनी प्रत्येक मुक्कामापासून मोठ्या रुग्णालयाचे अंतर आणि प्रत्येक कार्यक्रमात किती चालावे व चढावे लागेल, एवढ्या दोन ओळी छापल्या तर अनेक घरांतला निर्णय सोपा होईल. ग्राहकांनीही त्या मागाव्यात.

तारीख हीच खबरदारी

ध्रुवीय प्रकाश फक्त नाताळातच दिसतो, हा जाहिरातींनी रुजवलेला समज आहे. उत्तर फिनलंड आणि नॉर्वेत तो ऑगस्टअखेरपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत दिसतो आणि मार्च व सप्टेंबरमधल्या विषुवदिनांच्या आसपास त्याची सक्रियता सरासरीने वाढते. सप्टेंबरात बर्फ नसतो, रस्ते कोरडे असतात. मार्चमध्ये बर्फ भरपूर असतो, दिवस मोठा झालेला असतो आणि थंडी जानेवारीपेक्षा सौम्य असते. डिसेंबरात रोव्हानिएमीला दिवसाचा उजेड जेमतेम दोन-तीन तास मिळतो. नॉर्वेच्या ट्रोम्सोला तर नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. अंधार आणि निसरडे रस्ते असे दोन्ही एकाच वेळी साठीतल्या पायांनी का पेलावेत?

नाताळाच्या सुट्टीची सक्ती शाळकरी मुलांच्या आईवडिलांना असते. निवृत्त जोडप्याला ती नाही. त्यांनी आधी डॉक्टरांकडे जावे, आपली प्रकृती कोणत्या महिन्याला झेपेल ते विचारावे, आणि मग त्या महिन्याचे पत्रक मागवावे. आकाशातला हिरवा पडदा मार्चमध्येही तितकाच सुंदर असतो.