तक्रार नेमकी कोणाकडे करावी?

नोकरीत असताना दृष्टी गेली किंवा पाय गमवावा लागला, तर सरकारी कर्मचाऱ्याचे काय होते? नियम स्वच्छ आहे. त्याला काढून टाकता येत नाही, पदावनत करता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीतील दुसरे पद द्यावे लागते, आणि तेही नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. १९९५ च्या कायद्यातील हे संरक्षण सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये कुणाल सिंग खटल्यात उचलून धरले. तो पाय गमावलेला एक शिपाई होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० मध्येही ते कायम आहे, मात्र अधिसूचना काढून एखाद्या आस्थापनेला त्यातून वगळण्याची मुभा शासनास आहे.

असे असूनही 'स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या, सन्मानाने बाहेर पडाल' असे सांगणारे वरिष्ठ मी सेवाकाळात पाहिले. हा सल्ला पुष्कळदा दयेपोटी दिलेला असतो, त्यामुळे कर्मचारी त्यावर विश्वास ठेवतो आणि स्वाक्षरी करून मोकळा होतो.

कायद्यात उणिवा आहेत. पहिल्या उल्लंघनास दंड अवघा दहा हजारांपर्यंत. पण माझ्या मते खरे दुखणे कलम २३ मध्ये आहे. प्रत्येक सरकारी आस्थापनेने राजपत्रित दर्जाचा एक तक्रार निवारण अधिकारी नेमावा, तक्रारींची नोंदवही ठेवावी, नोंदीपासून दोन आठवड्यांत चौकशी व्हावी आणि समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समितीकडे जाता यावे, अशी ही उतरंड आहे. आता कोणत्याही कचेरीत शिरून त्या अधिकाऱ्याचे नाव विचारून पाहा. बहुधा आस्थापना शाखेकडे बोट दाखवले जाईल, म्हणजे ज्या टेबलावरून अन्यायाचा आदेश निघाला त्याच टेबलाकडे! हे काम आस्थापना शाखेबाहेरील अधिकाऱ्याकडेच असावे आणि त्याचे नाव दर्शनी फलकावर असावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. आपण 'अपंग' शब्द पुसून 'दिव्यांग' लिहिला, तेवढी तत्परता या फलकाच्या वाट्याला आली नाही.

परराज्यांतील मराठी बांधवांचा घोटाळा वेगळाच असतो. इंदूर किंवा हुबळीला नोकरी करणारा माणूस ओळखीच्या आधारे अर्ज पुण्याच्या दिव्यांग आयुक्तालयाकडे धाडतो. तेथे तो चालणार नाही. नोकरी त्या राज्याच्या शासनाची असेल तर त्याच राज्याचे आयुक्त. रेल्वे, टपाल यांसारख्या केंद्राच्या आस्थापना असतील तर दिल्लीचे मुख्य आयुक्त. खासगी कंपनीही कायद्याबाहेर नाही, फक्त तेथे कलम २३ ची पहिली पायरी नसते. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. त्यांचा निर्णय शिफारशीच्या स्वरूपाचा असतो, हे खरे. पण ती नाकारायची तर संबंधित प्राधिकरणाने तीन महिन्यांत कारणे कळवावी लागतात, आणि ही लेखी कारणे पुढे उच्च न्यायालयात फार उपयोगी पडतात.

वकिलाच्या खर्चाने मागे हटू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये दिव्यांग व्यक्तीस मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. १५१०० या क्रमांकावर त्याची चौकशी होते. आणि कलम २३ चा अधिकारी सापडतच नसेल, तर केंद्रीय कार्यालयात दहा रुपये भरून माहिती अधिकाराखाली दोनच गोष्टी मागाव्यात: त्याच्या नेमणुकीचा आदेश आणि तक्रार नोंदवहीची प्रत.