तासांच्या हिशोबात हरवलेली सेवा

डिसेंबर उजाडला की पुण्यातील महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरांची लगबग सुरू होते. मुळशी, मावळ, भोर, पुरंदर अशा तालुक्यांतील गावांकडे विद्यार्थ्यांच्या गाड्या निघतात. दिवसा श्रमदान, संध्याकाळी मंदिरासमोर पथनाट्य, रात्री शाळेच्या वर्गखोल्यांत मुक्काम. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला जातो. आठव्या दिवशी गाडी शहराकडे परतते आणि यथावकाश प्रमाणपत्रे वाटली जातात.

वनराई बंधाऱ्याची एक गोष्ट मात्र शिबिराच्या अहवालात येत नाही. तो कच्चा असतो. पुढच्या पावसाळ्यात ओढा फुगला की पोती वाहून जातात आणि पाऊस ओसरल्यावर बंधारा पुन्हा घालावा लागतो. त्या वेळी ज्यांनी तो घातला होता त्यांच्यापैकी किती जण गावात परततात? या एका प्रश्नाच्या उत्तरात आजच्या विद्यार्थीदशेतील समाजसेवेची सारी कथा आणि व्यथा सामावलेली आहे.

दोष योजनेचा नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. महात्माजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांतील सुमारे 40 हजार विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. वर्षाला 120 तास याप्रमाणे दोन वर्षांत 240 तासांचे काम, एक विशेष शिबिर आणि काम शक्यतो एकाच दत्तक गावात किंवा वस्तीत, अशी तिची रचना आहे. ‘दत्तक’ हा शब्द ज्याने योजला त्याला नात्याचा अर्थ कळत होता. दत्तक घेतलेले मूल कोणी आठ दिवसांनी परत करीत नाही. परंतु आपण त्या रचनेतील 120 हा आकडा तेवढा उचलला आणि दत्तक हा शब्द सोडून दिला.

आता हा हिशोब आणखी पक्का झाला आहे. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात समाजसहभागाच्या प्रकल्पाला श्रेयांक मिळू लागले आहेत. दुसरीकडे आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या महागड्या शाळांत सेवा ही उत्तीर्ण होण्याची अटच आहे आणि अमेरिकेतील विद्यापीठांत प्रवेश हवा असेल, तर अर्जात ‘नेतृत्वगुण’ दाखवावे लागतात. मग एखाद्या रविवारी रुग्णालयात फळे वाटली जातात, वृद्धाश्रमात गाणी म्हटली जातात, छायाचित्रे निघतात. आजी-आजोबांच्या सुरकुत्या अर्जाला जोडायचे पुरावे होतात! ज्याच्यासाठी सेवा करायची तोच साधन झाला, तर तिला सेवा म्हणायचे की व्यवहार?

यावर काही जण म्हणतील, “प्रमाणपत्रासाठी का होईना, मुले वस्तीत तर जातात!” या म्हणण्यात तथ्य आहे. सक्तीने गेलेल्या मुलालाही वस्तीतील घराचे दार उघडे मिळते आणि क्वचित तेथेच त्याचे डोळे उघडतात. पण दारापर्यंत नेणे आणि आत थांबवणे यांत फरक आहे. श्रेयांक पहिले काम करू शकतो, दुसरे करू शकत नाही. दुसऱ्यासाठी घर लागते, गुरू लागतो आणि मागून येणाऱ्याच्या हाती काम सोपवण्याची परंपरा लागते.

ही परंपरा पुण्याला नवी आहे काय? 1879 च्या सुमारास डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या टिळक आणि आगरकरांनी सरकारी नोकरीकडे पाठ फिरवून शिक्षणाला वाहून घ्यायचे ठरविले, तेव्हा त्यांना कोणी श्रेयांक दिले नव्हते. 1 जानेवारी 1880 रोजी न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले, त्याचा पाया विद्यार्थ्यांच्या त्या चर्चांत आहे. 1905 साली फर्ग्युसन महाविद्यालयातील विनायक दामोदर सावरकर या विद्यार्थ्याने पुण्यात विदेशी कापडाची होळी पेटविण्यात पुढाकार घेतला. त्याच्या पदरात काय पडले? 10 रुपये दंड आणि वसतिगृहातून हकालपट्टी. नेतृत्वाची किंमत मोजावी लागते, ती वसूल करता येत नाही, हा धडा त्या होळीने दिला.

12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले आणि निम्मे पुणे पाण्याखाली गेले. पाणी ओसरल्यावर पेठापेठांतील चिखल उपसण्यात विद्यार्थी होते, स्वयंसेवक होते. पुढच्याच वर्षी, 1962 मध्ये, डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनीची स्थापना केली. बुद्धिमान मुलांची बुद्धी समाजाच्या उपयोगी पडली पाहिजे, ही त्यामागची भूमिका. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर प्रबोधिनीचे कार्यकर्ते मदतीला धावले. मदतीच्या गाड्या तर तेव्हा गावोगावहून गेल्या होत्या. फरक एवढाच, की प्रबोधिनी हराळीला थांबली. तेथे निवासी शाळा उभी राहिली, शेतीचे काम उभे राहिले. मदत आणि सेवा यांतील अंतर मोजायचे असेल, तर ते या थांबण्यात मोजावे.

1955 पासून ग्रामीण विद्यार्थ्यांना आधार देणारी विद्यार्थी साहाय्यक समिती, 1909 साली अनाथ विद्यार्थी गृह म्हणून सुरू झालेले पुणे विद्यार्थी गृह, ही याच मातीतील उदाहरणे. समाजाच्या मुठीमुठीवर वाढलेला मुलगा मोठेपणी समाजाला विसरत नाही. ऋण हा शब्द त्याला कोशात पाहावा लागत नाही.

मग आज अडते कोठे? “मुलांना वेळच नसतो,” हे ठरलेले उत्तर. गणेशोत्सवाआधी नदीकाठी फेरी मारावी. महाविद्यालय आणि नोकरी सांभाळून शेकडो तरुण-तरुणी आठवडेच्या आठवडे ढोल-ताशाचा सराव करीत असतात. वेळेवर येतात, जुने वादक नव्यांना हात धरून शिकवतात, खांद्याला वळ उठले तरी तक्रार नसते. हीच पिढी 2020 च्या टाळेबंदीत पीपीई किट चढवून दाट वस्त्यांत घरोघर तपासणीला गेली होती. वेळही आहे, ताकदही आहे, शिस्तही आहे. नाही ते घरातून मिळणारे अभय.

येथे बोट दुसऱ्याकडे दाखवून चालणार नाही. संस्काराच्या गोष्टी सांगणाऱ्या आपल्याच घरांत काय घडते? मुलगा नववीत गेला की त्याचे शाखेत जाणे ‘तूर्त’ थांबते. दहावीला अभ्यासिकेत शिकवणे बंद होते. अकरावी-बारावी शिकवणी वर्गांच्या स्वाधीन. जबाबदारी पेलण्याचे नेमके जे वय, तेच आपण समाजकार्याच्या वेळापत्रकातून खोडून टाकतो; आणि पुढे विशीतला मुलगा परदेशी अर्जासाठी सेवेचे प्रमाणपत्र शोधू लागला, की आजची पिढी स्वार्थी झाल्याचा उसासा टाकतो! जे पेरलेच नाही ते उगवणार कसे?

उपाय खर्चिक नाही. प्रत्येक विद्यालयाने आणि महाविद्यालयाने एक वस्ती किंवा एक गाव धरावे आणि दहा वर्षे सोडू नये. अकरावीच्या विद्यार्थ्याकडे तेथील अभ्यासिकेची पूर्ण जबाबदारी द्यावी. कोणते मूल चार दिवस आले नाही, त्याच्या घरी कोण गेले, हे त्याने सांगावे. निरोप घेताना त्याने आपल्या जागी दुसरा तयार करून द्यावा. आपल्यामागे काम चालू राहते की नाही, ही नेतृत्वाची खरी परीक्षा. तिचे गुण विद्यापीठाने द्यायचे नसतात, वस्तीने द्यायचे असतात. आणि पालकांनी? आठवड्यातील दोन तास मुलाला समाजासाठी मोकळे ठेवावेत, परीक्षेच्या वर्षीसुद्धा. दोन तासांनी कोणाचा निकाल बुडत नाही.

यंदाच्या पावसाळ्यातही ओढे फुगतील, पोती वाहून जातील. दसरा-दिवाळीनंतर कोणीतरी पुन्हा फावडे घेऊन ओढ्यात उतरायला हवे. त्या वेळी गावकऱ्यांनी शिबिरातल्या मुलांना नावाने हाक मारली, तर समजावे की बंधारा खऱ्या अर्थाने बांधला गेला.